गाडीचा ब्लोअर फक्त ४ नंबरवर चालत असेल, तर मोटर बदलावी का?

आपल्या म्हणण्यानुसार आठ वर्षे जुन्या हॅचबॅकचा ब्लोअर (एसी-हीटरचा वारा फेकणारा पंखा) १, २ आणि ३ या नंबरांवर मुळीच फिरत नाही, ४ नंबरवर मात्र पूर्ण जोराने फिरतो, आणि गॅरेजमध्ये आपल्याला संपूर्ण मोटर बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. जी मोटर ४ नंबरवर जोराने फिरते, तिचा फ्यूज शाबूत आहे, तिला बॅटरीचा पुरवठा पोहोचतो आहे आणि तिचे कार्बन (फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे ब्रश) नीट टेकत आहेत, एवढे तर उघडच आहे. त्यामुळे मोटरवर थेट बोट ठेवणे मला घाईचे वाटते. तथापि गॅरेजवाल्याचे म्हणणे अगदीच निराधार आहे, असेही मी म्हणणार नाही.

हाताने फिरवायचे बटण असलेल्या बहुतेक गाड्यांत वेग कमी करण्यासाठी मोटरच्या वाटेत रेझिस्टर, म्हणजे प्रवाहाला अडवणारा भाग, घातलेला असतो. (दुकानात याला सर्रास ‘ब्लोअर रजिस्टर’ म्हणतात, त्या नावाने मागितले तरी नेमकी तीच वस्तू हातात पडते.) ४ नंबरवर वीज या रेझिस्टरला वळसा घालून जाते, म्हणून तो जळला तरी तेवढा एक वेग शिल्लक राहतो. खालच्या वेगांवर मात्र उरलेली शक्ती उष्णतेच्या रूपाने रेझिस्टरमध्येच खर्च होते. समजा, १ नंबरवर ५ अँपिअर प्रवाह वाहतो आहे आणि रेझिस्टर १.८ ओहमचा आहे. तर त्याच्यावर ९ व्होल्ट पडतात आणि ४५ वॅट उष्णता निर्माण होते, म्हणजे घरगुती डाग देण्याच्या २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नच्या जवळजवळ दुप्पट. ही उष्णता वाहून नेण्यासाठीच रेझिस्टर ब्लोअरच्या वाऱ्यात बसवलेला असतो आणि तो प्रमाणाबाहेर तापलाच, तर वितळून वाट तोडणारा एक छोटा थर्मल फ्यूज त्याच्या अंगावरच असतो.

कोणकोणते नंबर बंद आहेत, यावरूनही बरेच कळते. रेझिस्टरच्या वेटोळ्या साधारणपणे एकापुढे एक साखळीने जोडलेल्या असतात. १ नंबरला सगळी साखळी लागते, ३ नंबरला तिचा शेवटचा तुकडा पुरतो. म्हणून फक्त १ नंबर बंद असेल, तर पहिली वेटोळी तुटलेली असण्याचा संभव असतो. १ आणि ३ चालत असून मधला २ तेवढा बंद असेल, तर साखळी अखंड आहे हे सिद्धच होते आणि दोष बटणात किंवा त्या एका वायरीत शोधावा लागतो. आपल्याकडे तिन्ही बंद आहेत, म्हणून माझा पहिला संशय थर्मल फ्यूजवर आणि दुसरा कपलरवर, म्हणजे रेझिस्टरला वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडावर, जातो.

रेझिस्टर बहुधा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, ब्लोअरच्या हवानळीवर दोन स्क्रूंनी बसवलेला असतो. तो लगेच काढू नये. इग्निशन बंद करून आधी त्याचा कपलर सोडवून पाहावा. प्लास्टिक तपकिरी झालेले किंवा एखादी पिन काळवंडलेली दिसली, तर नुसता रेझिस्टर बदलून भागणार नाही, कारण २० अँपिअरच्या वाटेवर एका सैल पिनेत अर्धा व्होल्ट जरी पडला, तरी त्या एवढ्याशा जागी १० वॅट उष्णता साचते आणि नवा भागही तिथेच भाजून निघतो. अशा वेळी वायरीच्या तुकड्यासह नवा कपलर जोडून घ्यावा. कपलर स्वच्छ असेल, तर मल्टिमीटर ओहमवर ठेवून रेझिस्टरच्या पिना दोन-दोन करून तपासाव्यात. एखाद्या पिनेला बाकी कोणत्याही पिनेशी संबंधच दाखवत नसेल, तर थर्मल फ्यूज गेला असे समजावे.

रेझिस्टर चांगला निघाला, तर बटणाकडे वळावे. इथे शिकाऊ मंडळी हमखास फसतात आणि सुरुवातीला मीही फसलो होतो. अनेक गाड्यांत मोटरला १२ व्होल्ट सरळ मिळतात आणि वेगाचे सगळे नियंत्रण अर्थच्या बाजूने होते. अशा गाडीत टेस्ट लॅम्पचा चिमटा बॉडीला लावला, तर मोटर बंद असतानाही तिच्या दोन्ही वायरींवर दिवा लागतो आणि ‘करंट येतो, तरी मोटर फिरत नाही, म्हणजे मोटर गेली’ असा चुकीचा निर्णय होतो. व्होल्टेज मोटरच्या दोन टोकांमध्येच मोजावे. बटण तपासताना चिमटा बॅटरीच्या धन टोकाला लावावा, रेझिस्टरच्या सुट्या कपलरमधील वायरींना टोक लावावे आणि प्रत्येक नंबरला आपापल्या वायरीवर दिवा लागतो का, ते पाहावे.

आता गॅरेजवाल्याच्या बाजूने. रेझिस्टर उगाच जळत नाही. माझ्या स्वतःच्या गाडीत मी तो एकदा बदलला आणि समाधानाने गप्प बसलो. चार महिन्यांत तो पुन्हा गेला. मोटर खाली उतरवली, तेव्हा पंख्याच्या पिंजऱ्यात उंदराने नेऊन ठेवलेल्या चिंध्या आणि पालापाचोळा निघाला आणि बुश (मोटरचा दांडा ज्यात फिरतो ती कडी) इतका कोरडा पडला होता की हाताने फिरवल्यावर पंखा अर्ध्या फेरीत थांबत होता. अडकून फिरणारी मोटर जास्त प्रवाह ओढते आणि वारा कमी देते, म्हणजे रेझिस्टरला दोन्हीकडून मार बसतो. पुढच्या काचेखालच्या जाळीतील पाण्याची वाट पानांनी तुंबली, तर पावसाळ्यात पाणी थेट ब्लोअरवर उतरते आणि तेव्हाही शेवट असाच होतो. केबिन फिल्टर तुंबल्याने ‘मोटरवर लोड येतो’ हे मात्र मला पटत नाही; या पिंजऱ्याच्या पंख्याची हवा अडली, तर तो उलट कमी प्रवाह घेतो. नुकसान होते ते रेझिस्टरला थंड करणारा वारा कमी झाल्याने.

एक गोष्ट कोणीही सुचवली तरी करू देऊ नये: थर्मल फ्यूजच्या जागी वायरीचा तुकडा डाग देऊन बसवणे. ब्रिटनमध्ये व्हॉक्सहॉल झाफिरा बी या मॉडेलच्या अनेक गाड्यांना हीटर-ब्लोअरच्या भागातून आगी लागल्या आणि २०१५ मध्ये कंपनीने गाड्या परत बोलावल्या. या फ्यूजची चुकीची दुरुस्ती हेच कारण त्या वेळी पुढे केले गेले. पण २०१६ मध्ये पुन्हा गाड्या बोलवाव्या लागल्या आणि त्या खेपेस ब्लोअर मोटरही बदलण्यात आली.

म्हणून गॅरेजमध्ये असे सांगावे: आधी कपलर आणि रेझिस्टर पाहा, मग मोटर उतरवून पिंजरा साफ करा आणि हाताने फिरवून दाखवा. पंखा सहज दोन-तीन फेऱ्या घेत असेल, घरघर नसेल आणि ४ नंबरवर डीसी क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणाऱ्या मीटरने) मोजलेला प्रवाह ब्लोअरच्या मुख्य फ्यूजवरील आकड्यापेक्षा बराच कमी असेल, तर काहीशे रुपयांचा रेझिस्टर पुरेसा आहे. पंखा अडत असेल, तर मोटर आणि रेझिस्टर दोन्ही एकाच वेळी बदलावेत.