आईबाबांना झिंकची गोळी रोज द्यायची का?

न्यू जर्सीहून एका ताईंनी विचारलंय: साताऱ्याहून आईबाबा सहा महिन्यांसाठी आलेत, दोघंही सत्तरी ओलांडलेले. थंडी सुरू झाल्यापासून सर्दी-खोकला पाठ सोडत नाही. प्रतिकारशक्तीसाठी ५० मिलिग्रॅम झिंकच्या गोळ्यांची मोठी बाटली आणली आहे. रोज एक दिली तर चालेल ना?

ताई, ती बाटली तूर्त कपाटातच राहू द्या. झिंक निरुपयोगी आहे असं नाही. छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी वयाबरोबर आक्रसत जाते. संसर्गाशी लढणाऱ्या टी-पेशी तिथेच तयार होतात आणि त्या ग्रंथीचं थायम्युलिन हे संप्रेरक झिंकशिवाय कामच करत नाही. माणसाला झिंक कमी पडू शकतं हे १९६० च्या दशकात दाखवून दिलं ते डॉ. आनंद प्रसाद यांनी. ते मूळचे बिहारचे, पुढे डेट्रॉइटला स्थायिक झाले. त्यांच्याच गटाने २००७ मध्ये ५५ ते ८७ वयाच्या ५० जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभर रोज ४५ मिलिग्रॅम झिंक घेणाऱ्यांपैकी २९ टक्के लोकांना संसर्ग झाला, न घेणाऱ्यांपैकी ८८ टक्क्यांना. निकाल आशादायक आहे, पण माणसं अवघी ५०, आणि तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

अमेरिकेत प्रौढांसाठी रोजची गरज पुरुषांना ११ आणि बायकांना ८ मिलिग्रॅम धरतात, आणि कमाल मर्यादा ४०. तुमची एकच गोळी ती ओलांडते. वर मल्टिव्हिटॅमिन, घसा दुखला की चघळायच्या गोळ्या, बाबांची कवळी असेल तर ती चिकटवायची पेस्ट (काहींत झिंक असतं). हे सगळं एकदा टेबलावर मांडा आणि बेरीज करा. साताऱ्याहून आणलेल्या पाकिटांवर कधी संयुगाचं वजन लिहिलेलं असतं: २२० मिलिग्रॅम झिंक सल्फेटमध्ये झिंक साधारण ५०च.

मला खरी काळजी तांब्याची वाटते. झिंक महिनोन्महिने जास्त गेलं की शरीरात तांबं शोषलं जात नाही. मग हिमोग्लोबिन उतरतं, पांढऱ्या पेशी घटतात, म्हणजे ज्यासाठी गोळी सुरू केली तेच बिघडतं. पुढे तळपाय बधिर होतात, चालताना तोल जातो, आणि घरचे म्हणतात, वय झालं आता.

तेव्हा आधी डॉक्टरांना औषधांची पूर्ण यादी दाखवा. बीपीसाठी हायड्रोक्लोरोथायझाइड चालू असेल तर लघवीवाटे झिंक जास्त जातं, तेही सांगा. भूक मंदावली असेल, जेवण चहा-बिस्किटांवर आलं असेल, तर कमी डोसाची गोळी द्यायला हरकत नसते. किती आणि किती दिवस, ते त्यांनी ठरवावं. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन यांसारखं अँटिबायोटिक चालू असेल तर ते झिंकच्या दोन तास आधी किंवा चार ते सहा तासांनी द्या, नाहीतर औषध नीट लागू होत नाही.

ताटाकडेही बघा. मटकी, मूग, हरभऱ्यात झिंक असतं, पण कडधान्यातलं फायटेट नावाचं द्रव्य ते अडवून धरतं. भिजवून मोड आणले की फायटेट कमी होतं. तिकडच्या थंडीत मोड येत नसतील तर मटकी फडक्यात बांधून बंद ओव्हनमध्ये, नुसता दिवा लावून ठेवा. आंबवलेली आंबोळी, तीळकूट, भोपळ्याच्या बिया, आणि खात असतील तर अंडी, मटण, तिसऱ्या.

आणि फ्लू व न्यूमोनियाची लस घेतली आहे का, हे आजच विचारा. पाहुण्यांच्या विम्यात लशीचा खर्च बहुधा बसत नाही. पुढच्या खेपेला निघण्याच्या महिनाभर आधी ती साताऱ्यातच घेऊन टाकायला सांगा.