ग्रुपमध्ये आहे मॅडम, पण विचारायची हिंमत होत नाही

जळगाव, धुळे, भुसावळ, कुठलीही ओटी (ऑपरेशन थिएटर) सिस्टर माझ्याकडे समुपदेशनाला आली की बोलता बोलता हे निघतंच. सर्जरीवाल्या नर्सेसच्या ग्रुपमध्ये कोणीतरी ॲड केलंय, तिथे पुण्या-मुंबईच्या सिस्टर, फाडफाड इंग्रजी, कॉन्फरन्सचे फोटो, आणि आपण नुसता थम्सअप टाकून गप.

त्यातल्याच एकीचं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. ऑर्थोच्या, म्हणजे हाडांच्या ओटीत अकरा वर्षं स्क्रब करतेय, म्हणजे ऑपरेशनमध्ये सर्जनच्या हातात अवजारं देतेय. नवीन इम्प्लांट सेट (हाडात बसवायच्या वस्तू आणि त्यांची अवजारं) आला, एका ट्रेची मांडणी काही केल्या कळेना. ग्रुपवर विचारायचं तर हिने मेसेज टाईप केला, डिलीट केला, परत टाईप केला, परत डिलीट, आणि रात्रभर झोप नाही. का, तर "लोके काय म्हनतीन मॅडम, अकरा वर्षं झाली नि हिले इतलं बी येत नही."

पहिल्या दोन-तीन भेटी मी आत्मविश्वासावर प्रवचन देण्यात घालवल्या, कबूल करते. मग एकदा सहज विचारलं, ओटीत सगळ्यात मोठ्याने कधी बोललात?

"एक मॉप, रक्त टिपायचा कपडा, मोजणीत कमी भरला तेव्हा. सर क्लोज करायला निघाले होते, मी म्हटलं सर थांबा, काउंट जुळत नाहीये."

"मग?"

"चिडले. नंतर ड्रेपच्या, पेशंटवर टाकतो त्या चादरीच्या, घडीत सापडला."

"म्हणजे जखमेत नव्हताच. उगीच थांबवलं म्हणून लाज वाटली?"

"लाज कसली? काउंट जुळला नाही तर विचारायचंच. नाही विचारलं तर ती चूक."

मी काहीच बोलले नाही. मे महिना, कूलरचा घरघराट तेवढा. मिनिटभराने तीच कपाळाला हात लावून हसली.

हिला बोलता येत नाही असं नव्हतंच हो. ओटीत विचारणं म्हणजे ड्युटी आणि ग्रुपमध्ये विचारणं म्हणजे परीक्षा, हा नियम हिनेच स्वतःला घालून घेतलेला. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेने काम करते, म्हणजे माणसाने स्वतःलाच घातलेले असे नियम शोधून तपासायचे, त्यामुळे अशी वाक्यं मला लगेच ऐकू येतात (थोडं कौतुक करून घेते). हे एलिस स्वतः इतके लाजाळू की १९व्या वर्षी न्यूयॉर्कच्या एका बागेत ठरवून शंभरेक अनोळखी बायकांशी बोलले, भीती मोडायला.

आमचा होमवर्क त्यामानाने सोपा होता. डब्ल्यूएचओच्या २००८च्या सर्जिकल सेफ्टी चेकलिस्टमध्ये चिरा देण्याआधी टीममधल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. हिचं नाव ओटीत कधी घेतलंच गेलं नव्हतं, "सगळे सिस्टरच म्हणतात." म्हटलं आठवडाभर तिथे नाव सांगा, मग ग्रुपकडे बघू.

तुम्हीपण याच गाडीत असाल तर पहिला मेसेज छोटा ठेवा, मराठीत चालतो, कुठला सेट, काय करून पाहिलं, कुठे अडलं एवढंच लिहा. पेशंटचं नाव दिसणारा एक्सरे किंवा ओटीतला फोटो अजिबात टाकू नका, ती भीती मात्र खरी आहे, ती ठेवा. आणि आपल्याला येणारं काही कोणी विचारलं तर थम्सअप नको, उत्तर द्या. अमेरिकेत ओटी नर्सेसची संघटना १९४९मध्ये उभी राहिली, आपल्याकडे टीएनएआय ही नर्सेसची संघटना तर १९०८पासून आहे, या बायका काय एकमेकींना गुड मॉर्निंग करायला जमल्या नव्हत्या.

परवा तिचा फोन आला, मेसेज टाकला म्हणून. पहिल्या तासात काय आलं विचारलं तर म्हणाली, "चार थम्सअप. मॅडम, ह्या पण माझ्यासारख्याच घाबरट दिसतात."