बडोद्यात सहावी-सातवीच्या मुलांना पाण्याबद्दल शिकवायचं तर कुठे न्यावं?

तुम्ही लिहिलंय की बदलीने बडोद्याला आलात, चाळीसेक मुलं आहेत आणि 'जल बचाओ'ची पोस्टर्स रंगवून झाली, आता खरं काही दाखवायचंय. मग सहल ठरवण्याआधी एक काम करा. शाळेच्या नळाला पाणी कुठून येतं ते वॉर्ड ऑफिसात विचारून या. इथे कुणाला आजवा सरोवराचं मिळतं, कुणाला माही नदीच्या पात्रातल्या फ्रेंच विहिरींचं (वाळूत आडवे पाइप घालून पाणी गोळा करणाऱ्या), कुणाला नर्मदेच्या कालव्याचं. ज्या पाण्यावर शाळा चालते तिथूनच सुरुवात करावी.

मी मात्र आजव्याला झुकतं माप देईन. हे सरोवर सयाजीराव महाराजांच्या काळातलं, 1890 च्या सुमाराचं. शहरापासून वीसेक किलोमीटरवर, पण शहरापेक्षा उंचावर, त्यामुळे पाणी उताराने आपसूक येतं. फळ्यावर सांगून हे मुलांना पटत नाही. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी हार्डवेअरच्या दुकानातून आणा. रंगीत पाणी भरा आणि दोन्ही टोकं दोघांच्या हातात द्या. पाणी दोन्हीकडे सारख्याच उंचीवर थांबतं. मग एकाला टोक हळूहळू खाली न्यायला सांगा. तो भिजला की पुढचं तुम्हाला सांगावं लागत नाही.

आजव्याचं पाणी निमेट्याला शुद्ध होतं. तिथे जायला मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाला आधीच द्या. जाण्याआधी वर्गात गढूळ पाण्याच्या बरणीत तुरटी फिरवून ठेवा. गाळाचे पुंजके होऊन तळाशी बसताना ज्यांनी पाहिलंय, ती मुलं निमेट्याच्या मोठ्या टाक्यांकडे बघून खरे प्रश्न विचारतात.

पावसाळ्यात बडोद्यात सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर दोन आकडे फिरतात : आजव्याची पातळी आणि काळाघोड्याच्या पुलापाशी शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीची. विश्वामित्री 26 फुटांना धोक्याची. ऑगस्ट 2024 मध्ये ती 35 च्या वर गेली आणि मगरी सोसायट्यांमध्ये शिरल्या. मुलांना रोज हे आकडे वहीत लिहून त्यांचा आलेख काढायला लावा. आजव्यातून सोडलेलं जादा पाणी याच नदीत येतं. त्यामुळे नदीच्या उगमाशी, पावागढावर पाऊस पडला की शहरात पाणी किती उशिरा चढतं, ते कागदावर आपोआप दिसतं. एवढं स्वस्त आणि खरं साधन मला दुसरं माहीत नाही.

मगरी पुलावरूनच दाखवा. शहरातल्या पात्रात त्या शेकड्यांनी आहेत, त्यामुळे काठावर उतरायचं नाही. कुणी पालक 'जवळून फोटो' म्हणाले तरी ठाम राहा.

हिवाळ्यात डभोईजवळ वढवाणा तलाव करा, 2021 पासून तो महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक 'रामसर' यादीत आहे. सकाळी लवकर, दुर्बिणी उसन्या मिळवून. मुळात सिंचनासाठी बांधलेल्या तलावावर परदेशी पाहुणे पक्षी का उतरतात, यावर तिथेच गप्पा होतील. सेवासीची वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, अर्ध्या दिवसात होते. किती पायऱ्यांखाली पाणी लागतं ते मोजू द्या आणि जवळच्या बोअरवेलची खोली विचारा.

कमाटीबागेतल्या संग्रहालयात देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे. मुलांना फार आवडतो, पण पाण्याच्या विषयात तो शेवटी ठेवा, नाहीतर बाकी सगळं विसरून त्याचंच बोलत बसतील.