नवीन विश्वासात आलेल्या भावाला

भावा, बाप्तिस्मा झाल्यापासून तू विचारतोयस की आता पिक्चर, पार्टी, हॉटेलिंग सगळं बंद करायचं का, तर आधी शांत हो. देवच आपल्याला उपभोगासाठी सगळं भरपूर देतो असं बायबलात १ तीमथ्य ६:१७ मध्ये चक्क लिहिलंय, बिर्याणी खाल्ली म्हणून तारण (पापातून मिळालेली सुटका) जात नाही. प्रश्न एवढाच की कशाच्या बदल्यात काय देतोयस. उत्पत्तीचा २५ वा अध्याय नीट वाच, एसाव रानातून दमून आला, भूक लागलेली, आणि मसुरीच्या वरणासाठी थोरलेपणाचा हक्कच, म्हणजे मोठ्या मुलाचा वारसा, धाकट्या भावाला, याकोबाला विकून मोकळा झाला, वर खाऊन पिऊन उठून गेला, काही वाटलंसुद्धा नाही त्याला! (याकोब पण काही साधा नव्हता म्हणा.) नंतर एसाव बापाच्या आशीर्वादासाठी मोठ्याने रडला, पण वेळ गेलेली. आपण पण रात्री दोनपर्यंत रील्स बघतो आणि सकाळी प्रार्थनेला डोळे उघडत नाहीत.

दुसरं, जरा स्पष्ट बोलतो. मंडळीत कोणी अन्य भाषेत (पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने, न शिकलेल्या भाषेत) बोललं की नवीन लोकांना लगेच आत्म्याचं तेच दान हवं असतं. मागायला हरकत नाही, पण प्रेषित पौल १ करिंथ १३ मध्ये म्हणतो की भाषा बंद पडतील, टिकणार ते विश्वास, आशा, प्रीती. मीटिंगमध्ये रडणं सोपंय रे, घरी चिडलेल्या आईशी सौम्यपणे बोलणं अवघड, आणि गलती ५:२२ मधलं आत्म्याचं फळ (प्रीती, सहनशीलता असे गुण) तिथेच कळतं. १ करिंथचे १२ ते १४ अध्याय सलग वाच, मधूनच वचन उचलू नकोस, आणि अडलं तर पाळकांना बिनधास्त विचार.