छोट्या पिस्तुलासाठी पहिली काडतुसं

टेक्सासात रीतसर पिस्तूल घेतलंत, आता ब्रँडच्या वादात अडकू नका. ३ इंची नळीत गोळीला वेग कमी मिळतो, त्यामुळे काही हॉलो पॉइंट (टोकाला पोकळी असलेल्या, लागल्यावर फुलणाऱ्या गोळ्या) नीट फुलतच नाहीत. ९ मिमीसाठी हॉर्नडी क्रिटिकल डिफेन्स ११५ ग्रेनपासून (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) सुरुवात करा. गोळीच्या टोकावरचा लाल तुकडा पोकळीत कापड अडकू देत नाही.

नवखे इथे चुकतात:
- 'प्लस पी', म्हणजे जास्त दाबाची काडतुसं, घेतात. हलक्या पिस्तुलात झटका वाढतो, दुसरा नेम हुकतो.
- स्वतःच्या पिस्तुलातून चालवूनच बघत नाहीत. महाग पडलं तरी निदान ५० झाडा. सराव साध्या एफएमजेवर (धातूच्या आवरणाची, न फुलणारी गोळी).
- रोज तेच काडतूस चेंबरमध्ये भरतात. गोळी काडतुसाच्या नळकांड्यात (केसमध्ये) मागे सरकते, दाब धोकादायक वाढतो. नव्या काडतुसाशेजारी उभं करून उंची बघा. आखूड दिसलं तर वापरू नका.

ग्रेनचं गणित नंतर बोलू.