पीएचडीच्या वाटेवरची मास्टर्स: वाचकांच्या शंका

गणितात पीएचडी करता करता मास्टर्सची पदवी कशी मिळते, हा प्रश्न फिरून फिरून येतो. दर वेळी ऐकीव माहितीची नवी भर घालून येतो. म्हणून या वेळी दुसरं काही घेतलेलं नाही.

प्रश्न: बीएस्सीनंतर थेट अमेरिकेत गणिताच्या पीएचडीला प्रवेश मिळाला आहे. मध्ये एमए आपोआप मिळतं ना? (विद्यार्थिनी, डोंबिवली)

उत्तर: नाही. बहुतेक ठिकाणी अर्ज करावा लागतो.

प्रश्न: कलिनाहून (मुंबई विद्यापीठातून) एमएस्सी झालं आहे. अमेरिकेत पीएचडी करताना आणखी एक मास्टर्स पदरात पडेल का? (विद्यार्थी, ठाणे)

उत्तर: बरीच विद्यापीठं त्याच विषयात तीच पदवी पुन्हा देत नाहीत. तुमच्या विभागाला ईमेल करून विचारा. पण दोन-दोन घेऊन करणार काय?

प्रश्न: तिकडे मास्टर्ससाठी नेमकं काय पूर्ण करावं लागतं? प्रबंध लिहावाच लागतो का? (विद्यार्थी, विलेपार्ले)

उत्तर: विद्यापीठागणिक वेगळं. साधारण 30 क्रेडिट, म्हणजे दहाएक कोर्स, आणि त्यावर प्रबंध किंवा सर्वंकष परीक्षा. पीएचडीवाल्यांना ही परीक्षा सहसा वेगळी द्यावी लागत नाही. ॲनालिसिस, अल्जिब्रा, टोपोलॉजीच्या क्वालिफायर, म्हणजे पीएचडीत पुढे जाण्यासाठीच्या परीक्षा, त्या जागी धरतात. काही विभागांत एकाच पेपरला उत्तीर्णतेच्या दोन रेषा असतात. वरची गाठली तर पीएचडी पुढे चालू, खालचीच गाठली तर मास्टर्स घेऊन नमस्कार. प्रिन्स्टनला जनरल्स ही तोंडी परीक्षा पार केल्यावर एमए मिळतं. पूर्वी फ्रेंच, जर्मन किंवा रशियनमधलं गणित वाचता येण्याची अटही सर्रास असे, ती आता बऱ्याच ठिकाणी गेली. (गेली याचं मला वाईट वाटतं, पण ते असो.) एक मात्र बघा: रीडिंग कोर्स आणि संशोधनाची क्रेडिट सगळीच मास्टर्सच्या हिशेबात येतात असं नाही. कोणती येतात ते पहिल्याच सेमिस्टरला गाइडकडून नव्हे, विभागाच्या ग्रॅज्युएट ऑफिसातून विचारून घ्या. गाइडना प्रमेयं माहीत असतात, फॉर्म नव्हे.

प्रश्न: चार वर्षांच्या पदवीवर इथेच पीएचडीला लागलो तर कोर्सवर्कवर एमएस्सीही मिळते, असं सीनियर म्हणतात. (विद्यार्थी, कल्याण)

उत्तर: सीनियरना विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) 2022 चे पीएचडी नियम वाचायला सांगा. चार वर्षांच्या पदवीत 75 टक्के असतील तर पीएचडीचं दार उघडतं, एमएस्सीचं तिथे नावही नाही. कोर्सवर्क किमान 12 क्रेडिटचं, दोन वर्षांची एमएस्सी 80 च्या घरातली. 12 मधून 80 काढायचे कसे, हे गणितात तरी मला कोणी शिकवलेलं नाही. दोन्ही हवं असेल तर इंटिग्रेटेड पीएचडी पाहा. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) गणितात ती आहे. अटी त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच बघा.

प्रश्न: अंधेरीतले एक सल्लागार पीएचडी चालू असताना ऑनलाइन मास्टर्स करून देतो म्हणतात. यूजीसीने दोन पदव्या एका वेळी चालतात असं जाहीर केलंय ना? (वाचक, बोरिवली)

उत्तर: केलंय, एप्रिल 2022 मध्ये. त्याच सूचनांत पीएचडी वगळली आहे. नेमकी तेवढीच ओळ सल्लागारांच्या ब्रोशरमधून गळते. पैसे दिले नसतील तर देऊ नका. दिले असतील तर पावती जपा आणि आपल्या विद्यापीठाला लेखी विचारा.

प्रश्न: मुलगी अमेरिकेत गणिताच्या पीएचडीच्या चौथ्या वर्षात आहे. क्वालिफायर दुसऱ्याच वर्षी झाल्या. आता सोडायचं म्हणते. मास्टर्स घेतलेली नाही. चार वर्षं पाण्यात गेली का? (वडील, मुलुंड)

उत्तर: नाही, पण या आठवड्यात हालचाल करा. दुसऱ्या वर्षी परीक्षा होतात, कोर्स होतात, उरतो एक फॉर्म. "डॉक्टरेट होणारच आहे, मधला कागद कशाला?" म्हणून मुलं तो भरत नाहीत. इतकी हुशार मुलं, आणि दोन पानी फॉर्मपुढे हात टेकतात! पुढे गाइड विद्यापीठ सोडतो, प्रश्न सुटत नाही, घरी कोणी आजारी पडतं, आणि चार वर्षांनंतर हातात नुसती बीएस्सी. पदवीसाठी बहुधा त्या सेमिस्टरला नाव नोंदवलेलं असावं लागतं, अर्जाची मुदत सेमिस्टरच्या सुरुवातीलाच संपते आणि जुनी क्रेडिट काही वर्षांनी बाद धरणारी विद्यापीठंही आहेत. मुलगी परत आली तर इथे काय? सहायक प्राध्यापकासाठी यूजीसीच्या 2018 च्या नियमांत 55 टक्क्यांची मास्टर्स आहे, सेटला, म्हणजे राज्याच्या प्राध्यापक पात्रता परीक्षेला, बसायलाही मास्टर्स लागते. परदेशी पदवीच्या समकक्षतेचं काम पूर्वी भारतीय विद्यापीठ संघ (एआययू) करत असे, 2025 च्या नियमांनी ते यूजीसीने स्वतःकडे घेतलं. पण समकक्ष ठरवायला आधी पदवी हवी. ओढूनताणून पीएचडी पुरी करायला लावू नका, तो निर्णय तिचा. तिने फक्त आधी ग्रॅज्युएट ऑफिसात जाऊन मास्टर्सचे किती कोर्स मोजले जातात ते लेखी घ्यावं, अर्ज भरावा, मग व्हिसासाठी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला भेटावं. सोडण्याचा अर्ज त्यानंतर.