मॉनिटरवर 92 दिसत असूनही अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा ऑक्सिजन का वाढवत नाहीत?

तुमचा भाचा 30 आठवड्यांचा, 1300 ग्रॅमचा. रत्नागिरीत काचेत ठेवलाय, नाकात सीपॅप, म्हणजे फुफ्फुसं उघडी ठेवायला हवेचा सतत दाब देणारी नळी. मॉनिटरवर सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) 91-92 असताना सिस्टरनी नळीतल्या हवेतला ऑक्सिजन 30 वरून 25 टक्क्यांवर आणला. कोविडात आजोबांचा 92 झाला तेव्हा धावपळ झाली होती, मग याचा 100 का करत नाहीत, की सरळ कोल्हापूरला हलवावं, असं तुम्ही विचारलंय.

92 बरोबर आहे. ऑक्सिजन चालू असलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला 90 ते 95 मध्येच ठेवतात. आजोबा 98 वरून उतरत 92 ला आले होते. हे बाळ पोटातल्या साधारण 60 वरून चढत आलंय. नाळेतून येणाऱ्या ताज्या रक्तातही ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या 30 मिमीच्या आसपासच असतो. तेवढ्यात भागावं म्हणून गर्भाचं हिमोग्लोबिन ऑक्सिजन घट्ट धरतं: मोठ्यांचं निम्मं भरायला 27 मिमी दाब लागतो, याचं 20 लाच निम्मं भरतं.

आता 100 ची गोष्ट. 95 च्या वर ऑक्सिमीटरवर भरवसा ठेवता येत नाही. रक्तातला दाब 100 असो की 200, आकडा 99-100 च दिसतो. डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या या वयात अजून वाढत असतात. जादा ऑक्सिजनने त्या थांबतात, मग वेड्यावाकड्या फुटतात आणि पडदा ओढतात. 1940 च्या दशकात मोकळ्या हाताने ऑक्सिजन दिल्याने हजारो मुलं आंधळी झाली. 1951 मध्ये मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी हा संबंध दाखवला. म्हणून कमीच द्यावा म्हटलं, तर 85-89 मध्ये ठेवलेल्या बाळांमध्ये मृत्यू जास्त झाले. खालची रेघ 90 ची आहे ती त्यामुळे. बाहेरचा ऑक्सिजन बंद असून साध्या हवेवर 98 दिसला, तर मात्र काही बिघडत नाही.

नातेवाईक सहसा विचारत नाहीत तो आकडा हिमोग्लोबिनचा. 1 ग्रॅम हिमोग्लोबिन 1.34 मिली ऑक्सिजन वाहतं. हिमोग्लोबिन 15 असेल तर 92 वर 100 मिली रक्तात 18.5 मिली, 100 वर 20.1. हिमोग्लोबिन 10 वर आलं तर सॅच्युरेशन 100 करूनही 13.4 च. एवढ्याशा बाळात एकूण रक्तच सव्वाशे मिलीच्या आत, त्यामुळे तपासण्यांसाठी काढलेला एकेक मिली मोजावा लागतो.

श्वासाचं खरं काम सीपॅप करतोय. फुफ्फुसातले फुगे मिटू न देणारं सरफॅक्टंट 34 आठवड्यांपर्यंत पुरेसं तयार होत नाही. म्हणून सीपॅपच्या नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्यात 5-6 सेंटीमीटर बुडवून तेवढा दाब टिकवतात. बाटलीतले बुडबुडे थांबले की कुठेतरी गळतंय: प्राँग (नाकात बसवलेलं टोक) निसटलाय, तोंड उघडं आहे, किंवा नळी सुटलीय. एसीच्या थंडीत नळीत पाणी साचतं, तेही काढावं लागतं. पोट फुगलं तर तोंडातून पोटात घातलेली नळी उघडी आहे का पाहतात. आकडा अचानक पडला तर आधी ऑक्सिमीटरवरची नाडी ईसीजीशी जुळतेय का ते बघतात. ऑक्सिमीटर लावलेला पाय गार असला की खोटा आकडा येतो. ऑक्सिजन 30 टक्क्यांच्या वर न्यावा लागत राहिला, तर सरफॅक्टंट द्यायचं का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

25 टक्क्यांवर स्थिर असलेल्या बाळाला हलवू नये, असं माझं स्पष्ट मत. आंबा घाटातून तीन तास तरी लागतात, पावसात दरड आली तर भरवसा नाही. वळणावर बाटली कलंडली की दाब गेला. गाडीत हवा मिसळायची सोय नसेल तर शुद्ध ऑक्सिजनच जातो, म्हणजे जे टाळतोय तेच होतं. शिवाय 1500 लिटरचा बी टाइप सिलिंडर मिनिटाला 8 लिटरने तीन तास जेमतेम पुरतो. हलवायचंच झालं तर दोन सिलिंडर, ब्लेंडर (हवा आणि ऑक्सिजन मिसळणारं यंत्र) आणि बाळाचं तापमान 36.5 च्या वर, एवढं आधी पक्कं करा.

घरी आल्यावर धुरी नको, आजी कितीही म्हणोत. आणि जन्मापासून 30 दिवसांच्या आत डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचाच. त्याआधी डिस्चार्ज मिळाला तरी ती तपासणी टळत नाही. तारीख कार्डावर लिहून घ्या.